वाचकांचे प्रश्न : ॲक्टिव्ह बेस गिटारची बॅटरी किती उरली, हे कसे ओळखावे?

प्रश्न : मी एका हौशी वाद्यवृंदात बेस गिटार वाजवतो. माझी बेस ॲक्टिव्ह आहे, म्हणजे तिच्यात बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प (तारांचा सिग्नल वाढवणारे मंडल) आहे. यंदा तलावपाळीजवळ झालेल्या दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात तिसऱ्या गाण्यापासून खालच्या तारांचा आवाज फाटू लागला आणि पुढे तो इतका बारीक झाला की साउंडवाल्यांनी केबल, डीआय बॉक्स (बेस मिक्सरला जोडणारी पेटी), मिक्सरचे चॅनल असे सगळे बदलून पाहिले. शेवटी बेसमधली बॅटरी बदलल्यावर आवाज पूर्ववत झाला. ती बॅटरी मी गणपतीच्या आधीच नवी घातली होती आणि मधल्या काळात वाजवणेही फारसे झाले नव्हते. मग ती इतक्या लवकर का संपली? कार्यक्रमाच्या आधी ती किती उरली आहे, हे खात्रीने कसे तपासावे?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ‘वाजवणे फारसे झाले नव्हते’ असे आपण लिहिले आहे, आणि बॅटरी संपण्याचे कारण बहुधा तिथेच सापडेल. ॲक्टिव्ह बेसमधली बॅटरी वाजवण्याने खर्च होत नाही. बेसमध्ये केबलची पिन घातलेली असते तेवढा सगळा वेळ ती खर्च होत असते. बहुतेक ॲक्टिव्ह बेसना चालू-बंद करण्याचे वेगळे बटण नसते, ते काम जॅकच करतो. बाहेरून साधा दिसणारा हा जॅक आतून स्टिरिओ असतो, म्हणजे त्यात तीन संपर्क असतात, आणि त्यातल्या मधल्या संपर्काला बॅटरीची ऋण तार जोडलेली असते. आपण नेहमीची मोनो पिन आत सारली की तिचा लांब धातूचा दांडा हा मधला संपर्क आणि अर्थचा (ग्राउंडचा) संपर्क या दोहोंना एकाच वेळी टेकतो, मंडल पूर्ण होते आणि प्रीॲम्प सुरू होतो. त्यामुळे व्हॉल्यूम शून्यावर असला, समोरचा ॲम्प बंद असला किंवा केबलचे दुसरे टोक जमिनीवर मोकळे पडलेले असले, तरी बॅटरीला त्याने काहीही फरक पडत नाही.

याचा हिशेब मांडून पाहिला तर आपली शंका बरीचशी फिटेल. चांगल्या अल्कलाइन ९ व्होल्ट बॅटरीची क्षमता कमी प्रवाहावर साधारण ५०० मिलिॲम्पिअर-तास धरता येते. बेसमधले प्रीॲम्प त्यांच्या रचनेप्रमाणे मिलिॲम्पिअरच्या काही अंशापासून एक-दोन मिलिॲम्पिअरपर्यंत प्रवाह घेतात. आपला प्रीॲम्प अर्धा मिलिॲम्पिअर घेतो असे समजले तर बॅटरी सुमारे १,००० तास पुरायला हवी, म्हणजे रोज दोन तास वाजवूनही ती वर्षभराहून जास्त टिकेल. मात्र सराव संपल्यावर पिन तशीच ठेवून बेस स्टँडवर टेकवली, तर हेच १,००० तास ४१ दिवसांत संपतात, आणि प्रवाह दोन मिलिॲम्पिअर असेल तर अवघ्या दहा दिवसांत. गणेश चतुर्थीपासून दिवाळीपर्यंत सुमारे ५५ दिवस, म्हणजे १,३०० हून अधिक तास होतात. या काळात आपली बेस घरी केबल लावून ठेवलेली असेल, तर बॅटरीत काही दोष होता असे म्हणता येणार नाही.

आवाज आधी खालच्याच तारांवर का फाटला, हेही सांगतो, कारण ते कळले की केवळ कानावर विसंबून राहण्यातला धोका लक्षात येतो. प्रीॲम्पला ९ व्होल्ट मिळत असताना सिग्नल ४.५ व्होल्टच्या मध्यरेषेभोवती वर-खाली होतो, आणि साध्या ऑप-ॲम्पला (प्रीॲम्पमधल्या सिग्नल वाढवणाऱ्या चिपला) दोन्ही टोकांना एक-दीड व्होल्ट सोडावे लागत असल्यामुळे त्याला दोन्ही बाजूंना साधारण तीन ते साडेतीन व्होल्टांची मोकळीक मिळते. आता खालचे स्वर वाढवणारी ‘बेस’ची नॉब पूर्ण वर केली आणि ती १२ डेसिबल वाढ देणारी असली, तर खालच्या स्वरांचा सिग्नल चौपट होतो. जोरकस आघाताला पिकअपमधून (तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागातून) ०.७ व्होल्टचे शिखर आले असे समजू. चौपट होऊन ते २.८ व्होल्ट होते आणि नव्या बॅटरीवर निर्वेध पार पडते. बॅटरी उतरून ६.५ व्होल्टवर आली की मोकळीक जेमतेम दोन व्होल्टांवर येते, तेच शिखर वरून कापले जाते आणि आवाज फाटतो. वरच्या तारांचा सिग्नल मुळात लहान असतो आणि बेसच्या नॉबने तो फारसा वाढतही नाही, म्हणून त्या अजून स्वच्छ वाजत राहतात. घरी हलक्या हाताने, नॉब मध्यावर ठेवून वाजवताना हीच बॅटरी अगदी ठणठणीत वाटते. तेव्हा कानाने परीक्षा घ्यायचीच असेल, तर बेसची नॉब पूर्ण वर करून सर्वांत जाड तार जोराने छेडावी आणि आघाताच्या पहिल्या क्षणाकडे लक्ष द्यावे. तिथे खरखर किंवा गुदमरल्यासारखा आवाज आला तर बॅटरी थकलेली आहे असे समजावे. आवाज बारीक होणे ही त्यानंतरची पायरी असते, आणि तिथपर्यंत पोहोचलेली बॅटरी कार्यक्रमाच्या मध्यावर दगा देते.

खात्रीची तपासणी मल्टिमीटरनेच होते. साधा, स्वस्त डिजिटल मल्टिमीटर या कामाला पुरेसा आहे. बॅटरी बाहेर काढावी, मीटर डीसी २० व्होल्टच्या टप्प्यावर ठेवावा आणि लाल टोक धन अग्राला व काळे टोक ऋण अग्राला लावावे. नवी अल्कलाइन बॅटरी साधारण ९.४ ते ९.६ व्होल्ट दाखवते. हा आकडा हळूहळू उतरत जातो. ८ व्होल्टच्या आसपास बॅटरीचे ढोबळमानाने निम्मे आयुष्य उरलेले असते आणि ७ च्या जवळ ती बेससाठी संपल्यातच जमा असते. माझे स्पष्ट मत असे आहे की ८ व्होल्टच्या खाली उतरलेली बॅटरी घेऊन रंगमंचावर जाऊ नये. ती घरच्या सरावासाठी आणखी बरेच दिवस वापरता येते, म्हणून टाकून देण्याचीही गरज नाही. पण ज्या संध्याकाळी आठ-दहा वादक आणि गायक आपल्या स्वरांवर उभे असतात, त्या संध्याकाळी उरलेल्या तासांचा जुगार खेळण्यात अर्थ नाही.

काहीही न जोडता घेतलेला आकडा मात्र कधीकधी फसवा असतो. दमलेली बॅटरी थोडी विश्रांती मिळाली की पुन्हा वर चढते आणि मीटरवर ८.५ दाखवून आपली दिशाभूल करते. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा १ किलोओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर घ्यावा. त्यावर तपकिरी, काळा आणि लाल असे पट्टे असतात. मीटर लावलेला असतानाच हा रेझिस्टर पाच-दहा सेकंद बॅटरीच्या दोन अग्रांवर आडवा धरला की बॅटरीवर सुमारे ९ मिलिॲम्पिअरचा भार पडतो. नव्या बॅटरीचा आकडा यामुळे दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या अंकापुरता हलतो. थकलेल्या बॅटरीचा आकडा तीन-चार दशांशांनी खाली येतो आणि डोळ्यांदेखत घसरत राहतो. असा घसरणारा आकडा सुरुवातीला कितीही चांगला दिसला असला, तरी त्यावर विश्वास ठेवू नये. जिभेला बॅटरी टेकवून पाहण्याची जुनी सवय अनेकांना आहे. तिने बॅटरी मेलेली आहे की नाही एवढेच कळते, आणि आपला प्रश्न तेवढ्यापुरता नाही.

ज्या बेसची बॅटरी मागची पट्टी चार स्क्रूंनी उघडल्यावरच हाती लागते, त्या बेससाठी आणखी एक उपाय आहे आणि तो मला फार आवडतो. दोन्ही टोकांना पाव इंची स्टिरिओ पिन असलेली केबल घ्यावी आणि तिचे एक टोक बेसमध्ये घालावे. दुसऱ्या टोकाच्या पिनेवर दोन काळ्या कड्यांनी विभागलेले तीन भाग दिसतात : टोकाचा बोंड, मधला अरुंद पट्टा आणि मागचा लांब दांडा. मधला पट्टा आतल्या बॅटरीच्या ऋण अग्राशी जोडलेला असतो. मीटर २० व्होल्टवर ठेवून काळे टोक मधल्या पट्ट्याला आणि लाल टोक मागच्या दांड्याला लावले, की बेस न उघडता बॅटरीचा व्होल्टेज दिसतो. प्रत्यक्षाहून तो किंचित कमी येतो, पण निर्णयाला पुरेसा असतो. पट्टा अरुंद असल्यामुळे मगरचिमटे वापरले तर हात स्थिर ठेवावा लागत नाही.

याच जोडणीत मीटर २० मिलिॲम्पिअरच्या टप्प्यावर नेला, तर प्रवाह मीटरमधून वाहून प्रीॲम्प सुरू होतो. आकडा क्षणभर वर जातो आणि मग स्थिरावतो. हा स्थिर आकडा म्हणजे आपल्या बेसची खरी भूक. तो ०.६ आला तर ५०० ला ०.६ ने भागावे : सुमारे ८३० तास. त्यातले निम्मेच तास कार्यक्रमासाठी भरवशाचे धरावेत. हे मोजमाप एकदाच करून बॅटरीच्या कप्प्यात चिकटपट्टीवर लिहून ठेवले की पुढे अंदाज बांधण्याची वेळ येत नाही. एक काळजी मात्र अवश्य घ्यावी : मीटर प्रवाहाच्या टप्प्यावर असताना त्याची टोके थेट बॅटरीच्या अग्रांना कधीही लावू नयेत, कारण त्या टप्प्यावर मीटर जवळपास सरळ तारेसारखा वागतो आणि त्याचा फ्यूज उडतो. काही थोड्या बेसमध्ये बॅटरीसाठी वेगळ्या रचनेचा जॅक असतो. तिथे ही युक्ती चालत नाही आणि मीटरवर शून्य दिसते, तेव्हा लगेच बॅटरी मेली असा निष्कर्ष काढू नये.

मीटरच्या आतही बहुधा ९ व्होल्टचीच बॅटरी असते आणि ती उतरली की मीटर प्रत्यक्षाहून जास्त आकडा दाखवू लागतो. बेसमधून काढलेली जुनी बॅटरी मीटरमध्ये घालण्याची काटकसर त्यामुळे महागात पडते.

प्रश्न : ऐरोलीत आमच्या घराजवळच्या दुकानात मिळणारी ९ व्होल्टची बॅटरी बेसमध्ये दोन-तीन महिन्यांतच संपते. केबल मी आठवणीने काढतो. रिचार्जेबल बॅटरी घेतली तर बरे पडेल का?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : आधी त्या बॅटरीच्या अंगावर काय छापले आहे ते पाहावे. ‘६एफ२२’ असे लिहिलेले असेल तर ती झिंक-कार्बनची आहे. खेळण्यांसारख्या वस्तूंसाठी आपल्याकडच्या लहान दुकानांत बहुतेक वेळा हीच दिली जाते. अल्कलाइन बॅटरीवर ‘६एलआर६१’ असे छापलेले असते. आकार, अग्रे आणि व्होल्टेज सगळे सारखे असल्यामुळे दुकानदारही दोन्ही एकच समजून देतो, पण झिंक-कार्बनची क्षमता कमी असते, ती पडून राहिली तरी लवकर उतरते आणि तिच्यातून द्रव पाझरण्याची शक्यताही जास्त असते. आपल्या बेसचा प्रवाह एक-दोन मिलिॲम्पिअर असेल तर दोन-तीन महिन्यांचा हिशेब इथेच जुळतो. अल्कलाइन आग्रहाने मागून घ्यावी आणि पाकिटावरची वापराची मुदतही पाहावी.

रिचार्जेबलबद्दल मी सावधपणे लिहितो. निकेल-मेटल हायड्राइड प्रकारच्या ९ व्होल्ट बॅटरीची क्षमता साधारण १७५ ते २५० मिलिॲम्पिअर-तास, म्हणजे अल्कलाइनच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असते. आत सात घट असतील तर तिचा नाममात्र व्होल्टेज ८.४ आणि सहाच असतील तर ७.२ असतो, आणि सहा घटांची बॅटरी बेससाठी घेऊच नये. साध्या प्रकारच्या बॅटरी न वापरताही आपोआप उतरतात, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चार्ज करण्याची शिस्त ज्याला जमते, त्यानेच त्यांच्या वाटेला जावे.

अलीकडे यूएसबी केबलने चार्ज होणाऱ्या लिथियम-आयनच्या ९ व्होल्ट बॅटरी मिळू लागल्या आहेत. त्यांपैकी अनेकींच्या आत व्होल्टेज बदलणारे लहानसे मंडल असते आणि त्याची बारीक शीळ प्रीॲम्पमधून थेट स्पीकरपर्यंत पोहोचू शकते, म्हणून घेण्याआधी शांत खोलीत ॲम्प मोठा करून ऐकून पाहावे. आणखी महत्त्वाचे म्हणजे वरच्या उत्तरात दिलेले व्होल्टेजचे आकडे या बॅटरींना लागू पडत नाहीत. आतले मंडल शेवटच्या क्षणापर्यंत ९ व्होल्ट दाखवते आणि मग एकदम हात वर करते. निकेलच्या बॅटरीचाही आकडा बराच काळ सपाट राहून अखेरीस झपाट्याने कोसळतो, आणि एकदाच वापरायच्या लिथियम बॅटरीचेही तेच आहे, मात्र तिची क्षमता १,२०० मिलिॲम्पिअर-तासांच्या घरात असल्यामुळे ती मुळात खूप जास्त पुरते. अशा बॅटरींसाठी प्रवाह मोजून तासांचा हिशेब ठेवणे हाच मार्ग उरतो. केवळ एवढ्या कारणासाठी मी नियमित कार्यक्रम करणाऱ्यांना अल्कलाइनच सुचवतो : ती हळूहळू उतरते, आणि उतरताना मीटरवर दिसते.

प्रश्न : माझा मुलगा बेस गिटार शिकतो. त्याच्या बेसला ॲक्टिव्ह-पॅसिव्हचे बटण आहे. पॅसिव्हवर ठेवले की बॅटरी वाचते असे तो म्हणतो. दहावीच्या परीक्षेमुळे आता काही महिने बेस कपाटातच राहील. बॅटरी तशीच ठेवली तर चालेल का?
— एक पालक, खारघर, नवी मुंबई

उत्तर : बटण पॅसिव्हवर असले की सिग्नल प्रीॲम्पला वळसा घालून जातो, पण बहुतेक रचनांत पिन आत असेपर्यंत प्रीॲम्पला बॅटरी मिळतच राहते. त्यामुळे बॅटरी वाचते ती पिन काढल्यानेच, हे चिरंजीवांना जरूर सांगावे. बटणाचा खरा उपयोग वेगळा आहे : ऐन कार्यक्रमात बॅटरी संपली तर पॅसिव्हवर जाऊन गाणे पूर्ण करता येते. १९५१ साली आलेली फेंडर प्रिसिजन बेस पूर्णपणे पॅसिव्ह होती आणि तिला बॅटरीची गरजच नव्हती. १९७६ साली म्युझिक मॅनची स्टिंगरे आली, तिने कारखान्यात बसवलेला ॲक्टिव्ह प्रीॲम्प सर्वसामान्य वादकांपर्यंत नेला, आणि तिच्या मूळ रचनेत असे बटण नाही. बॅटरी संपली की आवाज बंद. आपल्या मुलाच्या बेसला ही सोय आहे, ही चांगलीच गोष्ट आहे.

कपाटात ठेवताना बॅटरी अवश्य काढून ठेवावी. खारघरच्या पावसाळी हवेत महिनोन्महिने बंद कप्प्यात राहिलेली बॅटरी पाझरली तर अग्रांवर पांढरट पापुद्रा धरतो आणि पुढे तो तारेच्या डाखापर्यंत जातो. तसे झालेच तर कापसाच्या काडीला व्हिनेगरचा किंचित ओलावा देऊन तो पुसावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा स्वच्छ करून पूर्ण कोरडी होऊ द्यावी. पापुद्रा उघड्या बोटांनी खरवडू नये. काढलेल्या बॅटरीची दोन्ही अग्रे एकाच बाजूला असल्यामुळे किल्ल्या किंवा नाणी लागून शॉर्ट होण्याचा धोका असतो, म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावून ठेवावी. बेसवर कायम पेटत राहणारा दिवा असेल तर त्याकडेही लक्ष द्यावे, कारण एक साधा एलईडी काही मिलिॲम्पिअर घेऊ शकतो, म्हणजे आतल्या प्रीॲम्पहूनही जास्त.

प्रश्न : आमच्या ऑर्केस्ट्रातील बेसिस्ट वायरलेस ट्रान्समीटर वापरतो आणि त्याच्या बेसमध्ये दोन बॅटरी आहेत. त्यांची तपासणी वेगळी असते का?
— एक संयोजक, वाशी, नवी मुंबई

उत्तर : दोन बॅटरी एकामागोमाग जोडून प्रीॲम्पला १८ व्होल्ट दिलेले असतात. तपासताना त्या बाहेर काढून एकेक स्वतंत्रपणे मोजाव्यात, आणि एक जरी उतरलेली निघाली तरी दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीच्या व एकाच प्रकारच्या बदलाव्यात. जुनी आणि नवी यांची जोडी लावली तर जुनी आधी रिकामी होते आणि उलट्या दिशेने ताण सोसून पाझरते. एकूण १७ व्होल्ट आले म्हणून समाधान मानू नये, कारण त्यात एक ९.५ आणि दुसरी ७.५ असू शकते. वायरलेस ट्रान्समीटर बंद केला तरी त्याची पिन बेसमध्ये असेपर्यंत बेसच्या बॅटरी खर्च होत राहतात, म्हणून मध्यंतरात ट्रान्समीटर बंद करण्यावर न थांबता पिन उपसून ठेवायला सांगावे. त्या आधी साउंडवाल्यांना ते चॅनल म्यूट करण्याची खूण करावी. नाहीतर सभागृहात मोठा ठोका ऐकू येतो. संयोजक म्हणून आपण रंगीत तालमीच्या वेळीच मोजणी करवून घ्यावी आणि राखीव अल्कलाइन बॅटरींची एक सीलबंद जोडी मल्टिमीटरसह साउंडवाल्यांच्या टेबलावर ठेवावी. वादकाच्या बॅगेतली बॅटरी ग्रीनरूममध्ये राहते आणि गरज विंगेत पडते.